मागच्या तारखेचं पत्र घेऊ का?

प्रश्न : आदरणीय मॅडम, मी एका मेडिकल कॉलेजात पीएसएम (रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) विषयात एमडी करतोय, दुसऱ्या वर्षाला आहे. डिसेंबरात आमच्या डिपार्टमेंटने सातपुड्यातल्या एका आश्रमशाळेत आरोग्य शिबिर घेतलं. सहावी ते दहावीच्या मुलींचं एचबी (हिमोग्लोबिन) तपासलं, सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची सोल्युबिलिटी ही प्राथमिक टेस्ट केली. हे शिबिराचं ठरलेलं काम होतं. यातून एक चांगला पेपर होईल असं मला वाटलं, म्हणून रक्त काढतानाच थोडं जास्त घेऊन सीरम फेरिटिनसाठी (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) वेगळी ट्यूब भरली. शिवाय आहार, पाळी, पाळीतला रक्तस्राव यांवर दोन पानांची प्रश्नावली भरून घेतली. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी होती. पालकांना विचारलं नव्हतं, ते तेव्हा ऊसतोडीला गुजरातेत होते. संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या एथिक्स कमिटीकडे प्रस्ताव टाकला नव्हता, कारण माझ्या थीसिसचा विषय वेगळा आहे आणि हा जादाचा पेपर.

आता जर्नलचा मेल आलाय. एथिक्सच्या मंजुरीचा क्रमांक आणि तारीख द्या, पत्राची प्रत जोडा, पालकांची आणि मुलींची संमती कशी घेतली ते लिहा. पेपरात एका मुलीचा फोटो आहे, डोळ्यांवर काळी पट्टी टाकलेली, त्याबद्दलही विचारलंय. आमचे एचओडी (विभागप्रमुख) म्हणतात, काळजी करू नकोस, कमिटीचं मागच्या तारखेचं पत्र मिळेल, सगळेच घेतात. मला ते पटत नाही, पण सरांना नाही म्हणायची हिंमत होत नाही. माझे आकडे खरे आहेत आणि कोणाचं काही नुकसान झालेलं नाही. मी काय करू? कृपया नाव छापू नका.

उत्तर : डॉक्टर, ते पत्र घेऊ नका. सरांनी आणून हातात ठेवलं तरी जर्नलला जोडू नका. का, ते पुढे सविस्तर सांगते. त्याआधी जास्त निकडीचं एक आहे.

तुमच्या पत्रात जर्नल आहे, सर आहेत, पेपर आहे. त्या मुलींचे रिपोर्ट त्यांच्यापर्यंत पोचले का, हे मात्र कुठेच नाही. पोचले असतील तर उत्तमच. नसतील तर हे उत्तर पुरतं वाचायच्या आधी ती यादी काढा. एचबी ८ च्या खाली असलेली प्रत्येक मुलगी जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार तीव्र रक्तक्षयाची रुग्ण आहे. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी तिला पुरणार नाही, तिला डॉक्टरने तपासायला हवं. सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह आलेल्या मुलींची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही खात्रीची तपासणी झाली का? वाहक कोण आणि रुग्ण कोण हे सोल्युबिलिटी टेस्टमधून कळत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण मुलीच्या दृष्टीने सगळा फरक तिथेच पडतो. फेरिटिन तुम्ही पेपरासाठी केलंत, तरी कमी आलेला आकडा त्या मुलीच्या कामाचा आहे. तोही द्या.

देताना प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना सोबत घ्या आणि एकेका मुलीशी वेगळं बोला. परिपाठाच्या वेळी नावं पुकारून कागद वाटू नका. ‘सिकल’ हा शिक्का एकदा मुलीच्या नावापुढे लागला की सोयरीक जुळवायच्या वेळी तो बरोबर वर येतो. वाहक मुलगी स्वतः आजारी नसते, हे प्रत्येक पाड्यावर जाऊन समजावायला तुम्ही तिथे नसणार.

आता पेपरबद्दल. तुम्ही जमवलेल्या माहितीचे दोन वेगळे भाग आहेत आणि दोन्हींचा न्याय वेगळा आहे. तुमच्या पत्रात ते एकत्र झालेत, बहुधा डोक्यातही.

एचबी आणि सोल्युबिलिटी हा पहिला भाग. तो शिबिराचा, म्हणजे आरोग्यसेवेचा. तुम्ही पेपर लिहिला नसता तरी त्या तपासण्या झाल्याच असत्या. अशा आधीच्या नोंदींवर संशोधन करता येतं. त्यासाठी एथिक्स कमिटीकडे आज नवा प्रस्ताव टाकायचा आणि आजचीच तारीख घालायची. ‘शिबिरात सेवा म्हणून गोळा झालेल्या नोंदी आहेत, नावं आणि ओळख काढून वापरायच्या आहेत’ असं स्पष्ट लिहायचं. पुन्हा सगळ्या पालकांना गाठून संमती घेण्यापासून सूट हवी असेल तर ती मागायची आणि का हवी हे सांगायचं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांमध्ये ओळख काढलेल्या जुन्या नोंदींसाठी अशी सूट देण्याचा अधिकार कमिटीला आहे. तुमचा नव्हे, एचओडींचा नव्हे, कमिटीचा. तुम्ही विश्लेषण आधीच करून बसला आहात हेही प्रस्तावात लिहा, लपवू नका. कमिटी हो म्हणेल की नाही हे मी सांगू शकत नाही. हो म्हणाली तर पेपरात मंजुरीची खरी तारीख जाईल, शिबिरानंतरची, आणि तसं का हे एका वाक्यात लिहिलं की कोणताही शहाणा संपादक ते समजून घेईल.

दुसरा भाग फेरिटिनचं रक्त आणि प्रश्नावली यांचा. ते रक्त फक्त तुमच्या अभ्यासासाठी काढलं गेलं. तेरा वर्षांच्या मुलीला तिच्या पाळीबद्दल जे विचारलंत ते फक्त पेपरासाठी विचारलंत. हे संशोधन होतं, आणि संशोधनाला मंजुरी आधी लागते. झालेल्या कामाला नंतर मान्यता देणं हे कमिटीचं काम नाही, कारण तिने विचारायचे प्रश्न सगळे आधीचे असतात. रक्त किती घेणार? पाळीबद्दल कोण विचारणार, पुरुष डॉक्टर की बाई? बाकीच्या मुलींना ऐकू जाईल अशा वर्गात की वेगळ्या खोलीत? मुलगी नको म्हणाली तर? फेरिटिन कमी आलं तर पुढे काय? सुई टोचून झाल्यावर या प्रश्नांना अर्थ उरत नाही. म्हणून हा भाग छापायचा नाही. उरलेल्या ट्यूब फ्रीजरमध्ये असतील, भरलेले फॉर्म कपाटात असतील, तर त्यांचं काय करायचं हेही कमिटीला लेखी विचारा. स्वतःच्या मनाने नष्ट करू नका आणि दुसऱ्या कोणाला ‘डेटा’ म्हणून देऊही नका.

तुम्हाला हे जड जाईल. महिनोन्‌महिने राबून जमवलेलं काम बाजूला ठेवायचं म्हणजे त्रास होणारच.

तुम्ही म्हणता, नुकसान कोणाचंच झालेलं नाही. या वाक्यावर थोडं थांबू या, कारण बहुतेक जण इथेच अडकतात. जादा रक्ताने मुलींची तब्येत बिघडली नाही हे खरं असेल. पण नुकसान फक्त तब्येतीचंच होतं का? त्या मुली घरापासून लांब राहतात. समोर पांढऱ्या कोटातले डॉक्टर, बाजूला मुख्याध्यापक, मागे अधीक्षिका. अशा वेळी नाही म्हणणं कोणत्या मुलीला जमणार होतं? तिला वाटलं असेल की हेही तपासणीचंच आहे. तुम्ही फसवायला गेला नव्हतात, हे मी मानते. पण तपासणी आणि संशोधन यांतली रेषा तिला दिसू दिली गेली नाही. निवडायचा हक्क तिचा होता, तो वापरायची वेळच तिच्यावर आली नाही.

मुख्याध्यापकांच्या परवानगीबद्दल बोलायचं तर आपल्याकडचाच एक मोठा धडा आहे, आणि तो तुमच्या शिबिराच्या फार जवळचा आहे. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याला मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी एचपीव्हीची लस देण्याचा एक प्रकल्प झाला. ‘पाथ’ ही अमेरिकन संस्था, आयसीएमआर आणि दोन्ही राज्य सरकारं त्यात होती. मुली दहा ते चौदा वर्षांच्या, खम्ममला त्यांतल्या बऱ्याच आदिवासी वसतिगृहांत राहणाऱ्या. काही मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्यावर २०१० च्या एप्रिलमध्ये प्रकल्प थांबवला गेला. मृत्यूंचा लशीशी संबंध असल्याचं चौकशीत दिसलं नाही, आणि ती लस चांगली आहे, हे मी मुद्दाम सांगते. कारण या प्रकरणाचं नाव काढून लशीला बदनाम करणारेही पुष्कळ आहेत. पण चौकशीत संमतीचे फॉर्म उघडले गेले. संसदीय समितीच्या २०१३ च्या अहवालात आंध्रातल्या ९,५४३ फॉर्मांचा हिशेब आहे. त्यांतल्या २,७६३ फॉर्मांवर पालकांच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. शाळेने परवानगी दिली म्हणजे पालकांनी दिली, असं तिथेही सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मुख्याध्यापक तुम्हाला शाळेच्या आवारात येऊ देऊ शकतात. मुलीच्या दंडातून रक्त काढून द्यायचा अधिकार त्यांना नाही. तुमच्या बाबतीत आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाची परवानगीही लागणारच, पण तीही आत जाण्यापुरती.

आता त्या पत्राकडे येऊ. मागच्या तारखेचं पत्र म्हणजे खोटा कागद, याला दुसरं सौम्य नाव नाही. आणि तो टिकतही नाही. एथिक्स कमिटी म्हणजे सचिवांच्या टेबलावरचा शिक्का नव्हे. आयसीएमआरच्या नियमांप्रमाणे तिच्यात सात ते पंधरा सदस्य असतात, अध्यक्ष कॉलेजच्या बाहेरचाच लागतो, निम्मे सदस्य बाहेरचे लागतात. एक कायद्याचा जाणकार, एक सामान्य नागरिक. किमान पाच जण बसल्याशिवाय पूर्ण बैठक होत नाही, बैठकीचं इतिवृत्त ठेवावं लागतं, प्रत्येक प्रस्तावाला ओळीने क्रमांक पडतो. २०१९ च्या नव्या औषध व क्लिनिकल ट्रायल नियमांनंतर आरोग्य संशोधन तपासणाऱ्या कमिट्यांना केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी करावी लागते. तुमचा क्रमांक त्या रजिस्टरात कुठे घुसवणार? डिसेंबराच्या आधीच्या ज्या बैठकीत तुमचा प्रस्ताव आलाच नव्हता, तिच्या इतिवृत्तात तो कोण लिहिणार? म्हणजे एका खोट्या कागदासाठी आणखी दोन-तीन कागद खोटे करायचे, आणि त्यांवर बाहेरच्या माणसांच्या सह्या आहेत. संपादकाला शंका आली की तो लेखकाला विचारून थांबत नाही, संस्थेला लिहितो. प्रकाशन-नीतीसाठी १९९७ मध्ये स्थापन झालेली ‘कोप’ ही संस्था संपादकांना हेच सांगते : आधी लेखकाला विचारा, उत्तर पटलं नाही तर संस्थेकडे जा.

संपादक इतके काटेकोर का झाले, हेही बघा. माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नीतितत्त्वं सांगणारा हेलसिंकी जाहीरनामा १९६४ चा. १९७५ मध्ये टोकियोत त्याची सुधारणा झाली, तेव्हा दोन गोष्टी त्यात आल्या. संशोधनाचा आराखडा स्वतंत्र समितीने तपासावा ही एक. आणि जे संशोधन या तत्त्वांना धरून नाही त्याचा अहवाल छापायला घेऊ नये, ही दुसरी. म्हणजे छापणाऱ्यावरही जबाबदारी आली. ती का यावी लागली, याचं उत्तर अमेरिकेतल्या टस्कीगीमध्ये आहे. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं शेकडो गरीब कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस उपचार न करता नुसता पाहिला गेला, पेनिसिलिन आल्यावरही. हे लपून झालं नाही. वैद्यकीय जर्नलांमधून त्याचे पेपर वर्षानुवर्षं छापून येत होते, डॉक्टर ते वाचत होते. १९६५ मध्ये अर्विन शॅट्झ नावाच्या एका तरुण डॉक्टरने असाच एक पेपर वाचून त्याच्या लेखकाला पत्र लिहिलं की उपचार असलेला आजार तुम्ही बिनउपचार पाहत बसता हे माझ्या समजुतीपलीकडचं आहे. त्या पत्राला उत्तर गेलं नाही, ते फाइलला लागलं. तेव्हा एकाही संपादकाने आज तुम्हाला विचारलाय तो प्रश्न विचारला असता, तर किती माणसं वाचली असती याचा विचार करा. जर्नलचा तो मेल तुम्हाला छळायला आलेला नाही.

आणि ‘आकडे खरे आहेत’ याबद्दल. तुमचे खरे असतील, माझा विश्वास आहे. पण वाचणाऱ्याने कशावर विश्वास ठेवायचा? जर्मनीतले योआखिम बोल्ट हे भूलतज्ज्ञांमधलं फार मोठं नाव होतं. शिरेतून द्यायच्या स्टार्चच्या द्रवावर त्यांचे ढीगभर पेपर. एका पेपरातले आकडे वाचकांना संशयास्पद वाटले, चौकशी लागली, आणि बाकीच्या कामाला एथिक्सची मंजुरी होती का हे तपासलं गेलं. नव्हती. २०११ मध्ये अनेक जर्नलांच्या संपादकांनी मिळून त्यांचे ऐंशीहून अधिक पेपर मागे घेतले, आणि कारण मंजुरी नसणं हेच दिलं. पुढे २०१३ मध्ये त्याच द्रवावरच्या सगळ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या गेल्या. बोल्ट यांचे पेपर वगळल्यावर दिसलं की गंभीर रुग्णांमध्ये त्या द्रवाने मृत्यू वाढतात. मंजुरीचा कागद आणि आकड्यांचा खरेपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत असं आपण मानतो. पण कमिटीला टाळून काम करायची सवय लागली की आकडे तपासायला बाहेरचं कोणीच उरत नाही. लॅन्सेटने २०१० मध्ये गोवराची लस आणि ऑटिझमचा तो कुप्रसिद्ध पेपर मागे घेतला, तेव्हाही दिलेल्या कारणांत हे होतं : स्थानिक एथिक्स कमिटीने तपासण्यांना मंजुरी दिली होती, हे पेपरातलं विधान खोटं ठरलं.

फोटोबद्दल आता. काढून टाका. डोळ्यांवरच्या काळ्या पट्टीने ओळख लपत नाही, हे वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने केव्हाच सांगितलंय. तुमच्या शाळेत तर मुळीच लपणार नाही. त्या मुलीचे कानातले, कपाळावरचं गोंदण, शाळेचा गणवेश, फोटोखाली ‘वय १४, आठवी’ आणि तुमच्या पेपराच्या पद्धती विभागात तालुक्याचं नाव. पाड्यावरच्या कोणीही तो पेपर मोबाइलवर उघडला तर दोन सेकंदांत सांगेल ही कोणाची मुलगी. आजकाल बरेच पेपर सगळ्यांना फुकट वाचता येतात, हे विसरू नका. फोटो छापायचाच असेल तर त्यासाठी वेगळी लेखी संमती लागते, पालकांची आणि तिचीही, आणि जे छापणार ते आधी दाखवून. रक्ताच्या संमतीत फोटोची संमती येत नाही. तुम्हाला फक्त लोहाच्या कमतरतेने चमच्यासारखी झालेली नखं दाखवायची असतील तर नखांचा फोटो पुरतो. तरीही विचारूनच.

तक्त्यांकडेही याच नजरेने पाहा. एका पाड्यातल्या दोनच मुली सिकलच्या रुग्ण असतील आणि तुम्ही पाड्याप्रमाणे आकडे दिले असतील, तर नाव न लिहिताही नाव लिहिल्यासारखंच झालं. शाळेचं नाव आभारांतही घालू नका. आभार मानायचेच तर ‘जिल्ह्यातली एक शासकीय आश्रमशाळा’ पुरे.

हा विषय सोडून द्या असं मी अजिबात म्हणत नाही. आश्रमशाळेतल्या मुलींचा रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा किती आणि सिकलचा किती, हा प्रश्न खरा आहे. उत्तर मिळालं तर गोळ्या कोणाला द्यायच्या हे ठरवायला मदत होईल. २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलनाचं अभियान चालू आहे, तपासण्या धडाक्याने होतायत. अशा वेळी तर हे काम नीट व्हायला हवं. म्हणून ते नव्याने करा, आणि या वेळी आधी कमिटीकडे जा.

पालक भेटत नाहीत ही अडचण खरी आहे, पण ती कॅलेंडरची अडचण आहे. दिवाळीनंतर कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, गुजरातेत जातात, त्यामुळे डिसेंबरात पालक सापडणार नाहीत हे शाळेतल्या शिपायालाही ठाऊक असतं. होळीला माणसं पाड्यावर परततात, जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा पालक मुलींना सोडायला येतात. संमतीचं काम तेव्हा करा, रक्त नंतर घ्या. माहितीपत्रक मराठीत लिहून भागणार नाही. पावरी किंवा भिली बोलणारी, शाळेची नोकर नसलेली बाई बरोबर असू द्या. तिने समजावून सांगायचं, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या अंगठ्याशेजारी त्रयस्थ साक्षीदाराची सही घ्यायची. बारा ते अठरा वयाच्या मुलींची स्वतःची लेखी मान्यता लागते, सात ते बारापर्यंतच्यांची तोंडी. वडिलांनी अंगठा दिला आणि मुलीने मान हलवून नको म्हटलं, तर नको म्हणजे नको.

मी ज्या एथिक्स कमिटीवर आहे, तिच्यात एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहेत, सामान्य नागरिकांच्या जागेवर. डॉक्टर मंडळी सॅम्पल साइजवर वाद घालत असतात आणि त्या सगळं शांतपणे ऐकतात. अशाच एका शाळेतल्या प्रस्तावाच्या वेळी त्यांनी विचारलं, ‘‘जी मुलगी नाही म्हणेल, तिला त्या दिवशी खाऊ मिळणार का? सगळ्या रांगेत असताना ती एकटी कुठे बसणार?’’ संशोधकाकडे उत्तर नव्हतं. प्रस्ताव परत गेला आणि दुरुस्त होऊन आला : नाही म्हणणाऱ्या मुलींचीही उंची-वजनाची तपासणी त्याच खोलीत, खाऊ सगळ्यांना, आणि कोण हो म्हणालं, कोण नाही, हे शिक्षकांना कळणार नाही. तुमच्या नव्या प्रस्तावात हे आधीच लिहा.

पुढे जाऊन गोळ्यांचे दोन प्रकार देऊन तुलना करायचं मनात आलं तर ती क्लिनिकल ट्रायल होईल. तिची सीटीआरआय या भारताच्या ट्रायल-नोंदवहीत नोंदणी पहिली मुलगी घेण्याआधी व्हावी लागते. एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी घेतली जात नाही.

जर्नलला काय लिहायचं? थोडक्यात आणि खरं. ‘या अभ्यासातला काही भाग सेवाशिबिरातला आहे, काही भाग संशोधनासाठी वेगळा गोळा केला होता. त्यासाठी एथिक्स कमिटीची पूर्वमंजुरी आणि पालकांची संमती घेतलेली नव्हती. आम्ही हस्तलिखित मागे घेत आहोत आणि आमच्या कमिटीला कळवलं आहे.’ एवढंच. कारणं, सबबी, दिलगिरीचे परिच्छेद नकोत. ‘कमिटीला कळवलं आहे’ हे वाक्य खरं असेल तेव्हाच लिहा, म्हणजे आधी कमिटीला कळवा. आणि या जर्नलने प्रश्न विचारले म्हणून हेच हस्तलिखित न विचारणाऱ्या दुसऱ्या जर्नलला टाकू नका. पैसे भरले की छापणारी दुकानं तुम्हाला माहीत असतील, तुमच्या मेलबॉक्समध्ये त्यांची आमंत्रणं रोज येत असतील.

राहिले सर. तुमच्या थीसिसवर त्यांची सही लागणार आहे, हे विसरून उपदेश करायला मी बसलेली नाही. ‘हे चुकीचं आहे’ असं त्यांना तोंडावर सांगायची गरज नाही. एकटे असताना जा, आणि स्वतःबद्दल बोला : ‘सर, ते पत्र जोडून माझ्या नावाने पाठवायची माझी तयारी नाही. नोंदींच्या भागाचा नवा प्रस्ताव मी या आठवड्यात तयार करतो, तुम्ही एकदा पाहाल का?’ नकाराबरोबर पुढची वाट हातात असली की वरिष्ठांना होकार द्यायला सोपं जातं. ते लेखक म्हणून यादीत आहेत ना? मग पेपरातल्या प्रत्येक विधानाची जबाबदारी त्यांच्यावरही येते, लेखक असण्याच्या चार अटींतली ती एक आहे, हे त्यांना आठवण करून द्यायला हरकत नाही. बोलणं झालं की त्याच दिवशी दोन ओळींचा साधा मेल टाका, ‘आज ठरल्याप्रमाणे हस्तलिखित मागे घेत आहे आणि नवा प्रस्ताव कमिटीकडे देत आहे.’

ते ऐकणारच नाहीत अशी वेळ आली तर तुमच्या थीसिसच्या गाइडशी बोला. गाइड तेच असतील तर कमिटीच्या सदस्य सचिवांना भेटा. मागच्या तारखेच्या पत्राची गोष्ट त्यांच्या कानावर असेल किंवा त्यांच्या नावावर खपवली जात असेल, कसंही असो, तुमचा खऱ्या तारखेचा प्रस्ताव त्यांच्या आवक रजिस्टरात नोंदला गेला पाहिजे आणि पोच तुमच्याकडे हवी. सचिवही टाळाटाळ करू लागले तर अध्यक्षांना लेखी कळवा. ते कॉलेजच्या बाहेरचे आहेत, तुमच्या सरांचे वरिष्ठ किंवा कनिष्ठ नाहीत, आणि नियमाने त्यांना बाहेरून आणलं जातं ते अशाच वेळांसाठी.

नवा प्रस्ताव लिहिताना त्या शाळेत रक्त घ्यायला मदत करणाऱ्या एएनएमना, म्हणजे आरोग्यसेविकांना, बोलावून घ्या. मुली त्यांना ओळखतात, कोणत्या मुलीला कोणत्या बोलीत काय कळतं हे त्यांना पाठ आहे. त्यांनी आराखड्यात खरंच भर घातली, लिहिलेलं वाचून मान्य केलं, तर लेखकांच्या यादीत त्यांचंही नाव घाला.